फ्रान्समध्ये राहताना जेवणाच्या वेळा आणि रीत कशी सांभाळावी

दुपारी पावणेतीनच्या सुमारास ल्यों किंवा तुलूझसारख्या शहरातल्या एखाद्या साध्या रेस्तराँमध्ये शिरलात, तर टेबले रिकामी दिसतील, वेटर समोर उभा असेल आणि तरीही जेवण मिळणार नाही, कारण स्वयंपाकघर दोनच्या सुमारास बंद झालेले असते आणि संध्याकाळी सातच्या आधी ते सहसा पुन्हा सुरू होत नाही. शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी फ्रान्सला गेलेल्या अनेक मराठी मंडळींची तिथल्या खाद्यसंस्कृतीशी पहिली ओळख अशी उपाशीपोटी होते. भूक लागली की खायचे आणि भूक नसली तरी समोर चिवड्याचा डबा दिसला की मूठभर तोंडात टाकायचा, ही आपली सवय तिथे पावलोपावली अडखळते. तिथे खाण्याला ठरलेली वेळ लागते, बसायला जागा लागते आणि शक्यतो सोबत लागते. मधल्या वेळी न खाण्याबद्दल फ्रेंच लोकांचे जे कौतुक होते, त्याचे मूळ या चौकटीत आहे. त्यांचा मनोनिग्रह आपल्यापेक्षा मोठा आहे असे मला वाटत नाही. म्हणून तिथे राहायला जाणाऱ्याने आधी वेळा बसवाव्यात आणि मग पदार्थांची चिंता करावी.

आधी घड्याळ लावून घ्या

फ्रान्सच्या राष्ट्रीय सांख्यिकी संस्थेच्या, म्हणजे इन्सेच्या, 2010 च्या पाहणीनुसार तिथला माणूस दिवसाकाठी सरासरी 2 तास 22 मिनिटे खाण्यापिण्यात घालवतो आणि 1986 च्या मानाने हा वेळ 13 मिनिटांनी वाढलेला होता. या आकड्यापेक्षाही महत्त्वाची गोष्ट अशी की हा वेळ दिवसभर विखुरलेला नसतो. सकाळी सात ते आठच्या दरम्यान न्याहारी, दुपारी बारा ते दीडच्या दरम्यान जेवण, साडेचारच्या सुमारास मुलांचे खाणे आणि संध्याकाळी साडेसात ते साडेआठच्या दरम्यान रात्रीचे जेवण, असे सारा देश जवळपास एकाच वेळी खातो. लहान गावांत तर बारा ते दोन दुकाने, बँका आणि टपाल कार्यालयेही कुलूप लावून जेवायला जातात, त्यामुळे कामे एकतर साडेअकरापूर्वी उरकावीत किंवा अडीचनंतर काढावीत.

दुपारी दीड-दोनला आणि रात्री साडेनऊ-दहाला जेवणाऱ्या माणसाला हे वेळापत्रक सुरुवातीला जड जाते. पहिली दुरुस्ती रात्रीच्या जेवणात करावी. आठपर्यंत जेवण झाले की सकाळी खरी भूक लागते, न्याहारी अंगी लागते आणि साडेबाराला पुन्हा नीट जेवता येते. याउलट रात्री दहाला जेवलात तर सकाळी नुसत्या कॉफीवर भागते, अकराला पोटात कावळे ओरडू लागतात आणि बिस्किटाचा पुडा उघडला जातो. मधुमेहाची औषधे किंवा इन्शुलिन घेणाऱ्यांनी मात्र वेळा हलवण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांशी बोलून घ्यावे.

न्याहारी हा फ्रेंच दिवसाचा सर्वांत कच्चा भाग आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. बागेत म्हणजे लांब पाव उभा चिरायचा, त्यावर लोणी आणि जॅम लावायचे आणि हा तुकडा, ज्याला तार्तीन म्हणतात, वाडग्याएवढ्या कपातल्या दुधाळ कॉफीत बुडवून खायचा, एवढीच ती असते. क्रुआसाँ रोज खाल्ला जातो हा समज पर्यटकांचा आहे, बहुतेक घरांत तो शनिवार-रविवारी येतो. सकाळी तिखट-मिठाचे खाण्याची तिथे पद्धत नाही, पण तुमच्या घरात तुम्ही पोहे किंवा उपमा केलात तर कोणाचे काही बिघडत नाही, आणि साडेबारापर्यंत तग धरायचा असेल तर ते जॅमपावापेक्षा केव्हाही बरे.

दुपारचे जेवण टाळू नका

नवीन माणूस सर्वाधिक घसरतो तो दुपारी. काम फार आहे म्हणून संगणकासमोर बसून डबा उघडणे ही आपल्याकडे मेहनतीची खूण मानली जाते. फ्रान्समध्ये ती विचित्र वाटते. तिथल्या कामगार संहितेत कामाच्या जागी कर्मचाऱ्यांना जेवू देण्यास मनाई करणारे कलम आहे आणि कोरोनाच्या काळात, 2021 च्या फेब्रुवारीत, ते तात्पुरते शिथिल करावे लागले, तेव्हा त्याची बातमी झाली होती. बाराच्या सुमारास सहकारी एकमेकांना हाक मारत निघतात. त्या हाकेला पहिल्या दिवसापासून हो म्हणावे, कारण कामाच्या ठिकाणची ओळख, चौकशी आणि बऱ्याचदा खरी माहितीही त्या टेबलावरच मिळते. घरचा डबा न्यायला हरकत नाही. बहुतेक कार्यालयांत मायक्रोवेव्ह असलेली खोली असते आणि डबेवाली मंडळी तिथे एकत्र बसतात. फक्त बांगड्याचे कालवण किंवा सुकट तिथे गरम करू नये, एवढे पथ्य पाळावे.

बऱ्याच कंपन्या जेवणासाठी तित्र-रेस्तोराँ नावाची कुपने किंवा कार्ड देतात. त्यातला 50 ते 60 टक्के भाग कंपनी भरते, उरलेला पगारातून कापला जातो, आणि 2022 च्या ऑक्टोबरपासून दिवसाला 25 युरोपर्यंत ते वापरता येते. रुजू होतानाच याची चौकशी करावी, कारण नव्या माणसाला कोणी ते आपणहून सांगेलच असे नाही.

जेवणाची रचनाही समजून घ्यायला हवी. आपल्या ताटात मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, भाजी, आमटी, भात सगळे एकदम आपापल्या जागी वाढलेले असते आणि जेवणारा आपल्या मर्जीने घास जुळवतो. फ्रेंच जेवण क्रमाने येते: आधी आंत्रे म्हणजे सुरुवातीचा छोटा पदार्थ, मग प्ला म्हणजे मुख्य पदार्थ, मग चीज आणि शेवटी गोड. गंमत अशी की एकेकाळी फ्रेंच मेजवानीतही एका फेरीचे सारे पदार्थ एकदम मांडले जात. एकामागून एक वाढण्याची रशियन पद्धत तिथे एकोणिसाव्या शतकात रुजली. या क्रमाचा एक उपयोग मोठा आहे. दोन पदार्थांमध्ये थांबावे लागते, बोलावे लागते आणि तेवढ्यात पोट भरल्याची जाणीव व्हायला वेळ मिळतो. रोजच्या जेवणात चारही टप्पे असतातच असे नाही, पण किसलेल्या गाजराची कोशिंबीर, एक गरम पदार्थ आणि दही किंवा फळ, एवढे तीन टप्पे साध्या घरातही पाळले जातात. घरी वरणभात केला तरी आधी काकडी-टोमॅटो वेगळे घेऊन शांतपणे खाण्याचा प्रयोग करून पाहावा. दुसऱ्यांदा भात घेण्याची ओढ बरीच कमी होते.

मधल्या वेळी काय करावे

मधल्या वेळच्या चरण्याला फ्रेंचमध्ये ग्रिन्योते म्हणतात आणि त्याकडे वाईट सवय म्हणूनच पाहिले जाते. 2007 पासून गोड पेये आणि खाद्यपदार्थांच्या जाहिरातींखाली सरकारी आरोग्यसंदेश देणे बंधनकारक आहे आणि त्यांतला एक सरळ सांगतो की आरोग्यासाठी जेवणांच्या मध्ये खाणे टाळा. 2005 च्या सप्टेंबरपासून शाळांमधली खाऊची आणि पेयांची स्वयंचलित यंत्रे कायद्याने बंद आहेत. म्हणजे लहानपणापासून घर, शाळा, कार्यालय आणि सरकार या चारही बाजूंनी एकच गोष्ट कानांवर पडत असते.

याला मान्यताप्राप्त अपवाद एकच, तो म्हणजे गूते. शाळा सुटली की साडेचारच्या सुमारास मुलांना पावाच्या तुकड्यात चॉकलेटची पट्टी, बिस्किटे, सफरचंदाचा शिजवलेला गर किंवा एखादे फळ दिले जाते. हे खाणे एकदाच, बसून, आणि त्यानंतर थेट रात्रीचे जेवण. मोठी माणसे सहसा गूते घेत नाहीत, पण रविवारी केक केला असेल तर तीही बसतात. आपल्याला चारचा चहा सुटणार नाही आणि तो सोडण्याची गरजही नाही. फक्त चहाबरोबरचे फरसाण बाजूला ठेवावे. अगदी राहवले नाही तर ताटलीत काढून, टेबलावर बसून, हातातला फोन खाली ठेवून खावे आणि पुडा परत कपाटात ठेवून द्यावा. पुड्यातून खाल्लेल्या खाण्याला शेवट नसतो.

मेट्रोत, वर्गात किंवा बैठकीत खाणे टाळावे. दुपारी बारा-एकला उद्यानात बसून सँडविच खाणारे पुष्कळ दिसतात, ते जेवणच असते आणि त्यात गैर काही नाही. एक सूट मात्र सगळ्या देशाने स्वतःला दिलेली आहे. बेकरीतून, म्हणजे बुलांजरीतून, गरम बागेत कागदाच्या पट्टीत गुंडाळून मिळते, बाहेर पाऊल टाकताच तिचे कुरकुरीत टोक मोडून तोंडात जाते आणि घरी पोहोचणारी बागेत बहुतेक वेळा एका टोकाने बोथट असते. ही बागेत घेताना त्रादिस्याँ मागावी. 1993 च्या सरकारी आदेशानुसार तिच्यात काही मोजके घटक सोडता रासायनिक भर घालता येत नाही आणि ती गोठवताही येत नाही.

कार्यालयातल्या वाढदिवसालाही रीत आहे. ज्याचा वाढदिवस तो सकाळी सर्वांसाठी क्रुआसाँ आणि चॉकलेट-पाव आणतो, कॉफीबरोबर ते संपतात आणि मग दुपारपर्यंत कोणी काही खात नाही. तुमच्या वाढदिवसाला तुम्ही चितळ्यांची बाकरवडी ठेवलीत तर ती हातोहात संपेल, पण तीही सकाळच्या कॉफीलाच ठेवावी.

हे सगळे वाचून फ्रेंच माणूस कधी चरतच नाही असा समज करून घेऊ नये. तिथे मॅकडोनाल्ड्सची दीड हजाराच्या आसपास दुकाने आहेत, विद्यार्थी वाटेल तेव्हा खातात आणि संध्याकाळी मालिका पाहताना चिप्स फोडणारी घरे तिथेही आहेत. फरक एवढाच की त्या मॅकडोनाल्ड्समध्येही खरी रांग साडेबारा वाजता लागते.

रेस्तराँमध्ये गेल्यावर

आत शिरताच बोंजूर म्हणावे आणि जागा दाखवली जाईपर्यंत थांबावे. स्वतःहून टेबल धरणे असभ्य समजतात. दुपारी फळ्यावर खडूने लिहिलेला दिवसाचा पदार्थ, प्ला द्यु जूर, किंवा दोन-तीन टप्प्यांचे ठरावीक दरातले जेवण, फॉर्म्युल, घेणे स्वस्त पडते आणि ते ताजेही असते. पाण्याच्या बाटलीचे पैसे पडतात. साधे पिण्याचे पाणी हवे असेल तर काराफ दो मागावे. ते फुकट असते आणि 2022 पासून तसे दरपत्रकावर लिहिणेही बंधनकारक आहे. जेवणाबरोबर पावही फुकट येतो. सेवाशुल्क किमतीत धरलेलेच असते, त्यामुळे टिप द्यायलाच हवी असे नाही. सुटे नाणे ठेवले तरी पुरे. कॉफी गोडाबरोबर न येता गोडानंतर येते आणि ती दुधाशिवायची असते. बिल मागितल्याशिवाय येत नाही, कारण न मागता बिल ठेवणे म्हणजे पाहुण्याला उठवणे असे तिथे मानतात. वेटर दुर्लक्ष करतो म्हणून चिडण्यापूर्वी हे लक्षात घ्यावे. उरलेले अन्न बांधून मागायला पूर्वी लोक संकोचत, परंतु 2021 च्या जुलैपासून मागितल्यास डबा देणे रेस्तराँवर बंधनकारक आहे. अवेळी भूक लागलीच तर दारावर सेर्व्हिस काँतिन्यू, म्हणजे अखंड सेवा, असे लिहिलेली ब्रासरी, म्हणजे एक प्रकारचे रेस्तराँ, शोधावी. तिथे दुपारभर गरम जेवण मिळते.

शाकाहारी असाल तर

पॅरिसमध्ये आता फारशी अडचण येत नाही, लहान गावांत अजूनही येते. नुसते शाकाहारी आहे असे सांगून भागत नाही, कारण मासे चालतात असा समज करून घेणारे बरेच भेटतात. नी व्हियाँद, नी प्वासाँ, म्हणजे मांसही नाही आणि मासेही नाहीत, असे दोन्ही सांगावे. खरी फसगत होते ती न दिसणाऱ्या गोष्टींत. हिरव्या सॅलडवर डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे, लार्दों, सर्रास भुरभुरलेले असतात. किश लोरेन या अंडी-साय घालून भाजलेल्या पदार्थात ते असतातच. मसूर शिजवतानाही ते घालतात. कांद्याचे प्रसिद्ध सूप बहुधा गोमांसाच्या रश्शात केलेले असते. गोड पदार्थांत प्राणिज जिलेटिन असू शकते. कोंते, रॉकफोर, ब्री द मो यांसारख्या पारंपरिक चीजसाठी प्राणिज रेनेट, म्हणजे प्राण्याच्या जठरातून काढलेले, दूध घट्ट करणारे द्रव्य, वापरले जाते, त्यामुळे काटेकोर शाकाहार पाळणाऱ्यांनी सुपरमार्केटमधल्या चीजच्या वेष्टनावरचा मजकूर वाचून घ्यावा.

हे टाळूनही खायला पुष्कळ उरते. वांगी, झुकिनी, ढोबळी मिरची आणि टोमॅटोची रातातुई, दूध-साय-लसूण घालून भाजलेल्या बटाट्याचा ग्रातां दोफिन्वा, आणि ब्रेतान्य प्रांतातला कुट्टूच्या पिठाचा पातळ, घावनासारखा गालेत हे तीन पदार्थ जवळपास सगळीकडे मिळतात. गालेत मागताना मात्र काँप्लेत म्हणू नये, कारण त्यात हॅम येते. अंडे आणि चीज, किंवा नुसते चीज आणि मशरूम, असे नेमके सांगावे.

शाळेत जाणाऱ्या मुलांसाठी एक सोय झाली आहे. 2018 च्या कायद्यानुसार 2019 च्या नोव्हेंबरपासून शाळांच्या काँतीनमध्ये आठवड्यातून एक जेवण शाकाहारी ठेवणे सुरू झाले आणि 2021 मध्ये ते कायम करण्यात आले. उरलेल्या दिवसांची व्यवस्था नगरपालिकेगणिक वेगळी असते, म्हणून नाव नोंदवतानाच विचारावे. काँतीनमध्ये मुलांना क्रमाने चार-पाच पदार्थ मिळतात, पाणी आणि पाव हवा तेवढा असतो, पण मीठ आणि केचप हाताशी ठेवलेले नसते. केचपशिवाय न जेवणाऱ्या मुलाला पहिले काही दिवस अवघड जाईल, नंतर ते सरावते.

कोणी घरी जेवायला बोलावले तर

आमंत्रण मिळताच, निदान दोन-तीन दिवस आधी, आपण काय खात नाही ते सांगून टाकावे. ऐन वेळी पान सरकवून ठेवणे यजमानांना फार लागते. सांगितलेल्या वेळेच्या आधी कधीही जाऊ नये, दहा-पंधरा मिनिटे उशिरा जाणे शिष्टसंमत आहे. फुले न्यायची असतील तर शेवंती टाळावी. आपल्याकडे दसऱ्याच्या तोरणात आणि देवाच्या हारात मिरवणारे हे फूल फ्रान्समध्ये 1 नोव्हेंबरच्या सुमारास थडग्यांवर वाहतात. मिठाईचा डबा नेणे उत्तम.

जेवणाआधी आपेरो असतो: पेयाबरोबर ऑलिव्ह, काजू, चीजचे तुकडे. इथे पोट भरून घेऊ नये, कारण जेवण अजून सुरूच झालेले नसते. युनेस्कोने 2010 मध्ये फ्रेंच मेजवानीची नोंद मानवजातीच्या अमूर्त वारशात केली, तिच्या वर्णनात आपेरोने सुरुवात, मद्यपेयाने शेवट आणि मध्ये किमान चार टप्पे, असा क्रम दिला आहे. मद्य घेत नसाल तर पाणी किंवा फळांचा रस मागावा, कारण सांगत बसण्याची गरज नाही. ग्लास भिडवताना समोरच्याच्या डोळ्यांत पाहायचे असते. यजमान सुरुवात करेपर्यंत थांबावे, हात मांडीवर न ठेवता मनगटे टेबलाच्या कडेवर ठेवावीत, आणि चव घेण्याआधी मीठ मागू नये. पाव ताटलीत न ठेवता सरळ टेबलावर ठेवतात, पण पालथा ठेवत नाहीत. पूर्वी बेकर जल्लादाचा पाव तसा वेगळा काढून ठेवत, अशी आख्यायिका आहे. पाव सुरीने न कापता हाताने मोडावा.

चीजची पाटी फिरते तेव्हा दोन-तीन प्रकारांचा छोटा तुकडा घ्यावा आणि एकदाच घ्यावा. त्रिकोणी ब्रीचे टोक कापून घेणे हा मोठाच अपराध समजतात, कारण मऊ आणि चवदार गाभा तिथेच असतो. लांबीच्या दिशेने काप काढला की प्रत्येकाला गाभाही मिळतो आणि सालही. आग्रह करून वाढण्याची पद्धत तिथे नाही. एकदा विचारतील, नको म्हटले की खरोखरच पुढे जातील, तेव्हा हवे असेल तर पहिल्याच वेळी हो म्हणावे.

बाजारहाट

रोजच्या खाण्याला शिस्त हवी असेल तर आठवडी बाजाराची सवय लावून घ्यावी. हे बाजार सकाळी भरतात आणि एकच्या सुमारास उठतात. भाजी-फळांना हात लावून निवड करू नये. विक्रेता निवडून देतो. त्याचा पहिला प्रश्न बहुधा असतो, केव्हासाठी हवे? चीजवाला तर कामांबेर या मऊ चीजची लाकडी डबी उघडतो, कागद बाजूला करून अंगठ्याने मधोमध हलकेच दाबतो, मग कडेला दाबतो आणि आज रात्री खाणार की शनिवारी हे विचारूनच ती डबी तुमच्या हातात देतो किंवा परत ठेवून दुसरी उचलतो. खरबूजवालाही तसाच विचारतो. या प्रश्नाचे उत्तर देता यायचे तर पुढच्या तीन दिवसांची जेवणे डोक्यात असावी लागतात, म्हणून बाजाराला निघण्यापूर्वी ती कागदावर लिहून न्यावीत. रविवारी दुपारनंतर बहुतेक सुपरमार्केट बंद असतात आणि सोमवारी अनेक बेकऱ्या व रेस्तराँ सुट्टी घेतात, तेव्हा त्या दोन दिवसांसाठीचे दूध, पाव आणि भाजी शनिवारीच आणून ठेवावी.